धर्मगुरूंची घंटा आणि प्रसूतिज्वर : ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांतील अंतर

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांत एक समजूत आजही टिकून आहे. घरातील वृद्ध अंथरुणाला खिळले, आजार बळावला आणि धर्मगुरूंना अभ्यंगासाठी बोलावण्याचा विषय निघाला की कोणीतरी दबक्या आवाजात म्हणते, “इतक्यात नको. फादर येऊन गेले की माणूस फार दिवस काढत नाही.” असे म्हणणारी व्यक्ती श्रद्धाहीन असते असे मुळीच नाही; बहुधा ती नित्यनेमाने मिस्साला जाणारीच असते. तिने जे पाहिले आहे तेही खोटे नसते. शेजारच्या चार-पाच घरांत फादर आलेले तिने पाहिलेले असतात आणि आठवड्याभरात त्याच घरांतून निघालेल्या अंत्ययात्रांनाही ती गेलेली असते. तिचे निरीक्षण बरोबर आहे; त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. आणि या चुकीची किंमत मोजतो तो अंथरुणावरचा आजारी.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असे आपण मराठीत म्हणतो. पाहणाऱ्याला वाटते, कावळ्याच्या भारानेच फांदी मोडली; फांदी आतून किडलेली होती का, हे कोणी झाडावर चढून पाहत नाही. संस्कृत पंडितांनी यालाच ‘काकतालीय न्याय’ म्हटले आहे. तेथे कावळा ताडावर येऊन बसतो आणि नेमके त्याच क्षणी ताडाचे फळ खाली पडते. लॅटिन भाषेत हाच तर्कदोष ‘पोस्ट हॉक, एर्गो प्रॉप्टर हॉक’ या नावाने ओळखला जातो. त्याचा अर्थ, ‘त्याच्यानंतर घडले, म्हणून त्याच्यामुळे घडले’. संख्याशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर दोन घटनांमध्ये सहसंबंध आढळला की आपण तेथे कार्यकारणभाव आहे असे गृहीत धरतो. मनाची ही सवय सर्वस्वी वाईट आहे असेही नाही. विस्तवाला हात लागला आणि चटका बसला, एवढ्यावरून लहान मूल जे शिकते ते बरोबरच शिकते. अडचण एवढीच की सवय एकदा जडली की ती विस्तवापाशी थांबत नाही.

खरे कारण आणि केवळ सोबत आलेली घटना यांची निवड कशी करावी, याचा एक वस्तुपाठ वैद्यकशास्त्राच्या इतिहासात सापडतो. विशेष म्हणजे त्या हकिकतीतही मरणोन्मुख रुग्णाकडे निघालेले एक धर्मगुरू आहेत, म्हणून ती येथे थोडी सविस्तर सांगितली पाहिजे.

ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. १८४० सालापासून अशी व्यवस्था झाली होती की पहिल्या विभागात वैद्यकीय विद्यार्थ्यांनी शिकावे आणि दुसऱ्यात सुईणींनी. बाळंतपणासाठी येणाऱ्या गोरगरीब स्त्रियांना ठरलेल्या दिवसांप्रमाणे आळीपाळीने या किंवा त्या विभागात दाखल करून घेतले जाई. कोणती स्त्री कोठे जाणार हे तिच्या प्रकृतीवर नव्हे, तर ती कोणत्या दिवशी दारात आली यावर ठरे. असे असूनही दोन्ही विभागांतील मृत्यूंचे प्रमाण अत्यंत भिन्न होते. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरांतील अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या, तर दुसऱ्यात शंभरांतील तीनसुद्धा नाहीत. जवळजवळ सर्वांचे निमित्त एकच होते, प्रसूतिज्वर. ही गोष्ट शहरात सर्वश्रुत होती. पहिल्या विभागाच्या वाट्याला आलेल्या स्त्रिया गुडघे टेकून, हात जोडून दुसरीकडे पाठवण्याची विनवणी करीत. रुग्णालयात पोहोचण्याआधी रस्त्यातच ज्या प्रसूत होत, त्यांना हा ज्वर क्वचितच होई. रस्त्यावरचे बाळंतपण रुग्णालयातील बाळंतपणापेक्षा सुरक्षित ठरावे, ही गोष्ट कोणाही डॉक्टरला अस्वस्थ करणारी होती.

जे डॉक्टर खरोखर अस्वस्थ झाले त्यांचे नाव इग्नाझ सेमेलवाइस. १८१८ साली बुडा येथे, म्हणजे आजच्या बुडापेस्टमध्ये, त्यांचा जन्म झाला होता आणि १८४६ मध्ये ते पहिल्या विभागात साहाय्यक म्हणून काम पाहू लागले होते. त्या काळी या मृत्यूंची स्पष्टीकरणे पुष्कळ दिली जात. हवेतील दूषित अंश, ऋतुमान, दाटीवाटी, आहार, विद्यार्थ्यांची धसमुसळी तपासणी, एक ना दोन. सेमेलवाइस यांनी प्रत्येक स्पष्टीकरणाला एकच प्रश्न विचारला : ही गोष्ट दोन्ही विभागांत सारखी आहे की वेगळी? हवा म्हणावी तर एकाच शहराची, एकाच आवाराची हवा दोन्हीकडे होती. अन्न सारखेच होते. दाटीवाटी तर दुसऱ्या विभागात अधिक होती, कारण साऱ्यांनाच तिकडे जायचे असे. सुईणी स्त्रीला कुशीवर निजवून प्रसूती करीत आणि डॉक्टर पाठीवर निजवून, हा फरक दिसताच त्यांनी पहिल्या विभागातही कुशीवर निजवण्याची पद्धत सुरू करून पाहिली. मृत्यू कमी झाले नाहीत.

आणि मग एक फरक असा आढळला की जो ऐकताच पटावा. मरणोन्मुख स्त्रीला अंतिम संस्कार देण्यासाठी रुग्णालयाचे धर्मगुरू येत. दुसऱ्या विभागात प्रार्थनामंदिरातून आजाऱ्यांच्या खोलीपर्यंत त्यांना सरळ जाता येई. पहिल्या विभागात मात्र ती खोली टोकाला होती, त्यामुळे पाच दालने ओलांडून त्यांना जावे लागे. पुढे घंटा वाजवणारा सेवक आणि मागे संस्काराचा पोशाख केलेले धर्मगुरू. दिवसातून अनेकदा ही घंटा वाजे. खाटेवर पडलेल्या प्रत्येक बाळंतिणीला कळे की आणखी एक चालली, आता पाळी कोणाची? सेमेलवाइस यांनी पुढे लिहून ठेवले आहे की ती घंटा ऐकताना ते स्वतः हेलावून जात. अशा सततच्या भीतीने शरीराची शक्ती खचते आणि ज्वर जडतो, असे काही जण म्हणत. म्हणणे सयुक्तिक वाटावे असेच होते. घंटा होती तेथे मृत्यू अधिक. घंटा नव्हती तेथे मृत्यू कमी.

येथे सेमेलवाइस यांनी वाद घातला नाही, प्रयोग केला. त्यांनी धर्मगुरूंना विनंती केली की आपण घंटा न वाजवता, वळसा घालून, कोणाच्याही नजरेस न पडता आजाऱ्यांच्या खोलीत यावे. धर्मगुरूंनी ती मान्य केली. घंटा थांबली. मृत्यू थांबले नाहीत.

त्या धर्मगुरूंविषयी इतिहासाने फारसे काही नोंदवलेले नाही, तरी मला त्यांचे कौतुक वाटते. आपल्या पवित्र सेवेमुळेच स्त्रिया मरत असाव्यात असा संशय घेतला जात असताना त्यांनी तो अपमान मानला नाही. मार्ग बदलला आणि शोधाला वाट करून दिली.

खरे कारण सापडले ते एका मित्राच्या मृत्यूतून. मार्च १८४७ मध्ये न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का शवविच्छेदन करीत असताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली. काही दिवसांतच ते वारले आणि त्यांच्या शरीरात आढळलेल्या विकृती प्रसूतिज्वराने गेलेल्या स्त्रियांच्या शरीरातील विकृतींसारख्याच होत्या. सेमेलवाइस यांच्या ध्यानी आले की पहिल्या विभागातील डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करतात आणि तेच हात घेऊन बाळंतिणींची तपासणी करतात. सुईणी शवविच्छेदन करीत नाहीत. मे १८४७ च्या मध्यापासून त्यांनी क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरांत अठरापर्यंत गेलेले मृत्यूचे प्रमाण उन्हाळ्यात शंभरांत तीनच्या खाली आले. १८४८ या संपूर्ण वर्षात पहिल्या विभागाचे प्रमाण १.२७ टक्के होते आणि दुसऱ्याचे १.३३ टक्के. जंतूंचे शास्त्र त्या वेळी जन्माला यायचे होते. हातांवर नेमके काय असते हे सेमेलवाइस यांना सांगता येत नव्हते. अनेक सहकाऱ्यांनी त्यांचे म्हणणे स्वीकारले नाही आणि १८६५ साली मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला.

आपल्याकडील न्यायदर्शनाने या परीक्षेला फार समर्पक शब्द दिले आहेत. अमुक असताना तमुक असणे हा अन्वय, आणि अमुक नसताना तमुक नसणे हा व्यतिरेक. घंटेच्या बाबतीत अन्वय होता. व्यतिरेक पाहू गेल्यावर तो टिकला नाही. हातांच्या बाबतीत दोन्ही टिकले. नैयायिकांनी आणखी एक बारकावा सांगितला आहे. कुंभाराच्या घरी माती वाहून आणणारे गाढव मडके घडण्याआधी तेथे हजर असते, पण म्हणून ते मडक्याचे कारण ठरत नाही. दुसरे कोणी माती आणली असती तरी मडके घडलेच असते. अशा आगंतुक गोष्टीला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. आपल्या चर्चांमध्ये या गाढवाला बोलावण्याची गरज वारंवार पडते.

व्हिएन्नाच्या घंटेत आणखी एक गोष्ट दडलेली होती. घंटा वाजते म्हणून स्त्रिया मरत नव्हत्या. स्त्रिया मरत होत्या म्हणून घंटा वाजत होती. कार्य आणि कारण यांची जागाच उलटी झाली होती. आरंभी सांगितलेल्या समजुतीत नेमके हेच घडते. फादर आले म्हणून रुग्ण दगावत नाही. रुग्ण दगावणार असे घरच्यांना वाटू लागते तेव्हाच फादरांना निरोप जातो. यात एक दुष्टचक्रही आहे. भीतीपोटी घरचे लोक संस्कार लांबणीवर टाकतात. शेवटी श्वास लागल्यावर धावाधाव होते. साहजिकच अभ्यंगानंतर काही तासांत मृत्यू होतो आणि पाहणाऱ्यांची भीती अधिकच पक्की होते. म्हणजे ही समजूत स्वतःच स्वतःचा पुरावा तयार करते. ज्या घरी फादर वेळेवर आले आणि आजी पुढे चार वर्षे अंगणात बसून तांदूळ निवडत राहिली, ते घर या हिशेबात कोणी धरत नाही, कारण तेथे लक्षात राहावे असे काही घडलेलेच नसते.

या समजुतीला जुन्या नावाचाही हातभार लागला. पूर्वी या संस्काराला ‘अंतिम अभ्यंग’ म्हणत असत. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजात स्पष्ट केले की ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ हे नाव अधिक योग्य आहे आणि हा संस्कार केवळ मृत्यूच्या उंबरठ्यावरील लोकांसाठी नाही. आजारामुळे किंवा वार्धक्यामुळे धोका सुरू होताच त्याची योग्य वेळ आलेली असते. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी सुधारित विधी जाहीर केला. त्यानुसार गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी हा संस्कार घेता येतो, वार्धक्याने क्षीण झालेल्यांना मोठा आजार नसतानाही घेता येतो, आणि बरे होऊन पुन्हा आजार उद्भवल्यास किंवा त्याच आजारात प्रकृती अधिक ढासळल्यास तो पुन्हाही घेता येतो. संत याकोबाच्या पत्रात वडील मंडळींना बोलावण्याची जी सूचना आहे, ती आजारी माणसाने स्वतः द्यावयाची आहे, म्हणजे तो शुद्धीवर आहे हे तेथे गृहीतच आहे. शुद्ध हरपल्यावर बोलावले तर आजाऱ्याला प्रार्थनेत सहभागी होता येत नाही, पापनिवेदन करता येत नाही, कधी ख्रिस्तप्रसादही घेता येत नाही. एका तर्कदोषापोटी आपण आपल्याच आईवडिलांचे हे सारे हिरावून घेतो.

कधी दोन गोष्टी सोबत येतात त्या तिसऱ्याच एका गोष्टीमुळे. मुंबईत छत्र्यांची विक्री वाढते त्याच महिन्यांत लेप्टोचे रुग्णही वाढतात. छत्रीमुळे लेप्टो होतो असे कोणी म्हणणार नाही, कारण मध्ये उभा असलेला पाऊस सर्वांना दिसतो. पण तो तिसरा घटक दृष्टीआड असेल तर भलेभले फसतात. १९९८ साली ‘लॅन्सेट’ या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात बारा मुलांविषयी एक लेख प्रसिद्ध झाला आणि गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या एकत्रित लसीचा आत्ममग्नतेशी, म्हणजे ऑटिझमशी, संबंध असावा असा संशय जगभर पसरला. आईवडिलांचा अनुभव त्याला पुष्टी देणारा होता : लस दिली आणि थोड्याच काळात मूल बोलेनासे झाले. परंतु ही लस ज्या वयात देतात, साधारणपणे त्याच वयात आत्ममग्नतेची लक्षणे आईवडिलांच्या लक्षात येऊ लागतात; लस दिली काय, न दिली काय. म्हणून पाहावयाचे होते ते लस न घेतलेल्या मुलांकडे. डेन्मार्कमध्ये पाच लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २००२ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या मुलांत आत्ममग्नतेचे प्रमाण अधिक नव्हते. ‘लॅन्सेट’ने तो मूळ लेख २०१० साली मागे घेतला, पण दरम्यान अनेक मुले लसीवाचून राहिली. गोवर पुन्हा डोके वर काढू शकला तो त्यामुळे.

या तर्कदोषाचे सर्वांत निष्ठुर रूप मात्र रुग्णालयात दिसत नाही, घरात दिसते. नवी सून घरात आली आणि वर्षाच्या आत सासरे गेले किंवा दीर अपघातात सापडला, की तिला ‘पांढऱ्या पायाची’ म्हटले जाते. सासऱ्यांचा रक्तदाब दहा वर्षे जुना होता, हे कोणी आठवत नाही. त्याच वर्षी गावात आलेल्या इतर सुनांच्या घरी काय घडले, हे कोणी मोजत नाही. कावळ्याला निदान उडून जाता येते; ही मुलगी आयुष्यभर त्याच फांदीखाली उभी राहते. आपल्या समाजात असे शब्द उच्चारले जात नाहीत, असे छातीठोकपणे म्हणणारा वाचक भेटला तर आनंदच वाटेल.

शुभवर्तमानात हा प्रश्न दोनदा अगदी थेट येतो. संत योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशू दोन्ही पर्याय नाकारतो. संत लूकाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा उल्लेख आहे. ते यरुशलेमेतील इतर सर्वांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हांला वाटते का, असा प्रश्न प्रभू विचारतो आणि स्वतःच त्याचे नकारार्थी उत्तर देतो. बुरुजाखाली कोण सापडले यावरून पापाचा हिशेब मांडता येत नाही. संकट कोसळलेल्या कुटुंबाकडे पाहून ‘काहीतरी केले असेल’ असे पुटपुटणाऱ्यांनी हा उतारा पुन्हा वाचण्यासारखा आहे.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. मग नोव्हेनानंतर नोकरी लागली, प्रार्थनेनंतर आजार बरा झाला, याला काय म्हणायचे? कृतज्ञता व्यक्त करायला पुराव्याची गरज नसते. प्रत्येक चांगली गोष्ट देवाकडून येते असे मानणारा भाविक त्या नोकरीबद्दल आणि त्या आरोग्याबद्दल आभार मानतो, ते योग्यच आहे. मात्र ‘हा चमत्कार आहे’ असे इतरांना सांगायचे असेल, तर तो निराळा दावा झाला. पूर्वी मंदिरातील बाकांवर साखळीपत्रे सापडत. आता तीच भ्रमणध्वनीवर येतात. इतक्या प्रती काढल्या त्याला धन मिळाले, फाडून टाकले त्याची नोकरी गेली! प्रती काढूनही काहीच न मिळालेल्यांचा आणि फाडून टाकूनही सुखात असलेल्यांचा त्यात उल्लेख नसतो. ज्या दोन रकान्यांत खरा निकाल लपलेला असतो, तेच कोरे ठेवलेले असतात.

या बाबतीत ख्रिस्तसभेची स्वतःची पद्धत कमालीची कडक आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. अठराव्या शतकात प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी हे संतपदाच्या प्रकरणांत उलटतपासणी घेणारे अधिकारी होते. लोक या पदाला ‘सैतानाचा वकील’ म्हणत. पुढे १७४० साली ते चौदावे बेनेडिक्ट या नावाने पोप झाले. संतपदाविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी बरे होण्याच्या दाव्यांसाठी ज्या कसोट्या मांडल्या, त्या आजही आधारभूत मानल्या जातात. आजार गंभीर असावा. तो आपोआप ओसरण्याच्या टप्प्यावर आलेला नसावा. औषध दिलेले नसावे, किंवा दिले असल्यास त्याचा उपयोग झाला नसल्याचे सिद्ध व्हावे. बरे होणे तत्काळ आणि संपूर्ण असावे, आणि आजार पुन्हा उलटू नये. यांतील प्रत्येक अट म्हणजे एकेक पर्यायी कारण दूर सारण्याची पायरी आहे. सेमेलवाइस यांनी शंभर वर्षांनंतर दोन दालनांत जे केले, त्याच्याशी या कसोट्यांचे नाते सहज ध्यानी येईल.

फ्रान्समधील लूर्द येथे १८८३ सालापासून वैद्यकीय कार्यालय आहे. तेथील तपासणीत कोणत्याही धर्माच्या किंवा कोणताही धर्म न मानणाऱ्या डॉक्टरांना भाग घेता येतो. बरे झाल्याच्या सात हजारांहून अधिक नोंदी तेथे झाल्या आहेत. चमत्कार म्हणून मान्यता मिळालेल्या घटना सत्तरीच्या थोड्याच पुढे आहेत. डॉक्टर ‘चमत्कार’ हा शब्द वापरीत नाहीत. आजच्या वैद्यकीय ज्ञानानुसार उलगडा होत नाही, एवढेच ते सांगतात, आणि घोषणा करायची की नाही हे बरे झालेल्या व्यक्तीच्या धर्मप्रांताचे बिशप ठरवतात. सत्तराव्या घटनेतील फ्रेंच धर्मभगिनी बेर्नादेत मोरियो अनेक दशके मज्जातंतूंच्या विकाराने अपंग होत्या. जुलै २००८ मध्ये लूर्दच्या यात्रेहून परतल्यावर त्या अचानक बऱ्या झाल्या. त्यानंतर कित्येक वर्षे तपासण्या, वैद्यकीय बैठका आणि जुन्या कागदपत्रांची छाननी चालली. बोव्हेच्या बिशपांनी घोषणा केली ती ११ फेब्रुवारी २०१८ रोजी.